दाराची चौकट किती घनफुटांची?

ठाण्यात घराचं काम काढलेला माणूस लाकडाच्या वखारीत गेला की पहिला प्रश्न विचारतो, "सागवान काय भावानं?" उत्तर मिळतं ते घनफुटाचं. मग तो दुसरी वखार गाठतो, तिसरी गाठतो आणि सगळ्यात कमी आकडा सांगेल तिथे माल घेतो. या हिशेबात एक प्रश्न राहून जातो: घनफूट मोजायचा तो कुठल्या लाकडाचा? ओंडक्याचा, कापलेल्या मालाचा, की रंधा मारून तयार झालेल्या चौकटीचा?

सूत्र सोपं आहे. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. १४४ कशासाठी? एक चौरस फूट म्हणजे १२ गुणिले १२ चौरस इंच, म्हणून. आता घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटचं मुख्य दार घेऊ. उभे दोन खांब ७ फुटांचे, वरचा आडवा साडेतीन फुटांचा आणि लाकूड ५ इंच बाय अडीच इंच. एकूण लांबी साडेसतरा फूट. गुणाकार करून भागलं की येतात १.५२ घनफूट.

पण ही झाली तयार चौकट. वखारीतून येणारा माल करवतीखालून निघालेला, खडबडीत असतो. रंधा मारल्यावर त्याच्या प्रत्येक बाजूचं साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, निघून जातं. त्यामुळे आणताना ५ बाय अडीच नाही, सव्वापाच बाय पावणेतीन इंच आणावं लागतं. शिवाय वखारीत नेमका ७ फुटांचा तुकडा मिळेलच असं नाही. ८-८ फुटांचे दोन आणि ४ फुटांचा एक मिळाला, तर लांबी होते २० फूट. पुन्हा गणित करा: २ घनफूट. दार तेच, लाकूड मात्र जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं.

आता भाव बघा. समजा, एक वखारवाला तयार मापावर ३,००० रुपये घनफूट सांगतो, दुसरा खडबडीत मालावर २,५०० (आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेत). पहिल्याकडे चौकट पडते ४,५६० रुपयांना, दुसऱ्याकडे ५,००० ला. स्वस्त भावाचं लाकूडच महाग पडलं! म्हणून भाव विचारताना माप कुठलं हे आधी विचारावं, आणि पावतीवर घनफुटांबरोबर प्रत्येक तुकड्याची तिन्ही मापं लिहून घ्यावीत.

अख्खा ओंडका घ्यायचा तर गणित बदलतं. ओंडका गोल, पण आपल्याला हव्यात चौकोनी फळ्या. त्यासाठी इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉपस यांनी १७३६ साली कोष्टकं छापली. रीत अशी: दोरीनं घेर मोजा, त्याचा चौथा भाग काढा, त्याचा वर्ग करा आणि लांबीनं गुणा. ब्रिटिशांबरोबर ती आपल्याकडे आली आणि रुजली. ४८ इंच घेराचा १० फुटी ओंडका या रीतीनं १० घनफूट भरतो. खरं घनफळ असतं १२.७३ घनफूट. साडेएकवीस टक्क्यांची ही सूट चौकोन काढताना कडेनं जाणाऱ्या लाकडापोटी धरलेली आहे. करवतीचा भुसा त्यात अजून धरलेलाच नाही! ६ इंच जाडीच्या लाकडातून इंचाच्या ६ फळ्या निघत नाहीत, ५ च निघतात, कारण करवतीचा प्रत्येक काप सुमारे एक सूत लाकूड खातो.

त्या कापांचंही गणित आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) करवतकामाचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे, 'क्रकचव्यवहार'. त्यातलं उदाहरण असं: लाकूड बुंध्याशी २० अंगुळं, शेंड्याशी १६, लांबी १०० अंगुळं, आणि करवत चालवायची ४ ठिकाणी. दोन्ही टोकांची सरासरी १८ घ्यायची, लांबीनं आणि कापांच्या संख्येनं गुणायचं. हाताची अंगुळं २४, म्हणून २४ च्या वर्गानं, म्हणजे ५७६ ने भागायचं. उत्तर साडेबारा चौरस हात. करवत्याची मजुरी ठरते ती या कापलेल्या पृष्ठभागावर. पुढे आचार्य म्हणतात की दर कारागिरांशी बोलून, लाकूड मऊ की कठीण हे बघून ठरवावा. हिशेबाच्या ग्रंथात कारागिराच्या श्रमाची अशी दखल घेतलेली पाहून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मऊ-कठीण हा फरक बराचसा हवेचा असतो. कुठल्याही झाडाच्या पेशींच्या भिंती जवळपास सारख्याच जड असतात, पाण्याच्या दीडपट. पेशींमधल्या पोकळ्या मोठ्या असल्या की लाकूड हलकं. वाळलेलं सागवान घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतं, साल वृक्षाचं लाकूड २४-२५, पाइन १४. म्हणजे आपली चौकट सागाची असेल तर २७ किलो, सालाची असेल तर ३७. पाऊण टन भार नेणाऱ्या छोट्या टेम्पोत सागवान ४० घनफूट जाईल, साल ३० च.

हे सगळं वाळलेल्या लाकडाचं. ताज्या लाकडात पाणी इतकं असतं की ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याची साल आणि तिच्या आतलं कोवळं लाकूड सगळीकडून कापून झाड दोन-तीन वर्षं उभं वाळवायचे, मगच तोडायचे. ताजा ओंडका नदीत सोडला तर बुडायचा. जळाऊ लाकूड वजनावर विकतात आणि इमारती लाकूड घनफुटावर, ही वाटणी ग्राहकाच्या फायद्याची आहे. वजनात पाणी भरता येतं, घनफुटात फारसं नाही.

फारसं नाही, पण थोडं येतंच. खाडीकाठच्या ठाण्यात जुलैत हवा इतकी दमट असते की घरातल्या लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. कोरड्या महिन्यांत तो ११-१२ वर येतो. या फरकानं सागाची फळी रुंदीत सुमारे एक टक्का फुगते-आकसते, लांबीत जवळपास नाहीच. आडव्यातिडव्या जोडाशिवाय निव्वळ उभ्या फळ्या चिकटवून केलेलं ३ फुटी दार पावसाळ्यात तीन सूत रुंद होतं आणि चौकटीत अडकतं. पॅनेलच्या दारात सुतार पॅनेल खाचेत सैल ठेवतो, डिंक लावत नाही, ते याचसाठी.

नौपाड्यातल्या जुन्या घरांच्या पाडकामातून निघणारं सागवान या बाबतीत भरवशाचं, ते कधीच वाळून बसलेलं असतं. मात्र खिळ्यांची आणि खोबणींची लांबी मापातून वजा करून घ्यावी.

नव्या मालाची परीक्षा घरी करता येते. फळीच्या टोकापासून फूटभर आत, कारण टोक आधी वाळतं, एक पातळ चकती कापून घ्या. ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि ओव्हनमध्ये शंभरच्या किंचित वर तापमानाला ठेवा. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोला. ११२ ग्रॅमची चकती १०० वर थांबली, तर ओलावा १२ टक्के आणि माल कामाला तयार. १३० ची १०० वर आली, तर सुताराला महिनाभर तरी थांबायला सांगा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचा आणि वारा लागू द्या.