चाक धरून ठेवणारा तुकडा

वाळूज एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये चिरलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा माझ्या हातात आला. कॉलेजच्या मुलांनी स्वतः बांधलेल्या रेस कारच्या पुढच्या चाकाचा तो अपराइट, म्हणजे चाकाला गाडीशी जोडून धरणारा भाग होता. चीर निघाली होती ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकची डिस्क चिमटीत पकडणाऱ्या भागाच्या, बोल्टजवळच्या कोपऱ्यातून. कुठे किती ताण येतो ते दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या रंगीत चित्रात मात्र तो कोपरा हिरवागार, म्हणजे सुरक्षित. "सर, फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन आला होता," डिझाइन बघणारी मुलगी म्हणाली. म्हणजे येणाऱ्या जोराच्या तिप्पट सोसायची ताकद. हा तीन आला कुठून, ते शोधण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला.

अपराइटच्या मधल्या मोठ्या भोकात बेअरिंग बसतं, बेअरिंगमध्ये हब आणि हबवर चाक. वर आणि खाली एकेक बॉल जॉइंट असतो, तिथे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, म्हणजे विशबोन, येऊन मिळतात. एका बाजूला स्टिअरिंगची टाय रॉड, दुसऱ्या बाजूला कॅलिपर. बैलगाडीत चाकाला धरायला नुसती आस पुरते, कारण गाडी वळवणं आणि थांबवणं बैलांकडे असतं. इथे वळायचं, उसळायचं आणि थांबायचं चाकानेच, आणि ते सगळे जोर या एका तुकड्यातून जातात.

आता हिशेब. ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलो धरा. उभी असताना एका चाकावर ७५ किलो, म्हणजे सुमारे ७३५ न्यूटन. गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर दीड जी-ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट आडव्या त्वरणाने वळताना बाहेरच्या पुढच्या चाकावरचा भार १,३०० न्यूटनच्या आसपास जातो आणि टायरवर सुमारे १,९३० न्यूटनचा आडवा जोर येतो. पण हा जोर येतो जमिनीपाशी आणि त्याला पेलणारे सांधे असतात वर. खालचा सांधा जमिनीपासून १३ सेंटिमीटरवर आणि वरचा ३३ वर असेल, तर पहारीने दगड उचकटावा तसं होतं. वरच्या सांध्यावर साधारण १,२५० न्यूटन येतात आणि खालच्यावर ३,१८०, म्हणजे मूळ जोराच्या दीडपटीहून जास्त!

ब्रेकचं गणित याहून कडक. जमिनीवर १,७५० न्यूटनचा ब्रेकचा जोर आणि टायरची त्रिज्या २३ सेंटिमीटर. कॅलिपर डिस्कला पकडतो केंद्रापासून फक्त ९ सेंटिमीटरवर. म्हणजे कॅलिपरच्या बोल्टांवर जवळपास ४,५०० न्यूटन, साडेचारशे किलोचं ओझं. मुलांनी तिथे जमिनीवरचेच १,७५० लावले होते. सॉफ्टवेअरने त्याचं उत्तर बरोबर दिलं, प्रश्नच चुकीचा विचारला होता. त्यांचा तीन तिथल्या तिथे सव्वाच्याही खाली आला.

तरीही सव्वा म्हणजे एकापेक्षा जास्तच, मग चीर का पडली? कापडाचा दुकानदार आधी कात्रीने छोटा काप देतो आणि मग हाताने टरकन फाडतो. धातूलाही असा काप पुरतो. रुंद पत्र्याला एक गोल भोक पाडलं, की भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. किर्श यांनी १८९८ मध्ये हे गणिताने दाखवलं. टोकदार कोपरा त्याहून वाईट. मॉडेलमध्ये कोपऱ्याला गोलाई द्यायची राहिली, तर मेश, म्हणजे हिशेबासाठी सॉफ्टवेअर तुकड्याचे जे छोटे छोटे भाग पाडतं त्यांची जाळी, जितकी बारीक कराल तितका तिथला ताण वाढतच जातो, कुठल्याच आकड्यावर थांबत नाही. मुलांची मेश जाड होती, म्हणून तो लपला. आणि मशीनवर त्या कोपऱ्याला जेमतेम एक मिलिमीटरची गोलाई मिळाली होती. ती पाच केली असती तर वजन नखाएवढं वाढलं असतं.

शिवाय ब्रेक एकदा नाही, हजारो वेळा दाबला जातो. पोलादाला सहसा एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. दर फेरीला थोडं थोडं आयुष्य खर्च होतंच.

मुलांनी यावर उपाय सुचवला, अ‍ॅल्युमिनियमच्या ६०६१ ऐवजी महागडा ७०७५ मिश्रधातू घेऊ. ताकद खरंच जवळपास दुपटीच्या घरात जाते. पण कडकपणा, म्हणजे जोर आला तरी न वाकण्याचा गुण? दोघांचाही सारखाच, ७० गिगापास्कलच्या आसपास, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. रेस कारमध्ये अपराइट तुटण्याआधी वाकल्याचा त्रास होतो. टाय रॉडचा सांधा चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून ६० मिलिमीटरवर असेल आणि तो अर्धा मिलिमीटर सरकला, तर चाकाची दिशा जवळपास अर्धा अंश फिरते. ड्रायव्हरच्या हाताला ते लगेच कळतं. कडकपणा येतो आकारातून. म्हणून मी त्यांना आधाराच्या फासळ्या नीट लावायला सांगितलं, बिलेट, म्हणजे ज्यातून तुकडा कोरतात तो धातूचा ठोकळा, बदलायला नाही.

नवा अपराइट तयार झाल्यावर आम्ही तो फिक्स्चरवर, म्हणजे घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीवर बांधला, हबला दीड मीटरचा पाइप बोल्टने जोडला आणि पाइपच्या टोकाला तीस किलो सोयाबीनचं पोतं टांगलं. वळताना टायरचा जोर अपराइटला जेवढा पिळतो, जवळपास तेवढाच पीळ यातून मिळतो, सुमारे ४४० न्यूटन-मीटर. तुकडा किती वाकला ते मोजणाऱ्या डायल गेजची सुई कॉम्प्युटरने सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त फिरली. मॉडेलमध्ये बेअरिंग आणि भोक एकसंध धरलं होतं, प्रत्यक्षात बेअरिंगला स्वतःची थोडी ढिलाई असते. त्या मुलीने पोतं उतरवलं, सुई शून्यावर आली का ते पाहिलं, आकडा वहीत लिहिला आणि पोतं पुन्हा टांगलं.