सुट्टीच्या आधी जमवायचा एक कागद: मुलाच्या वयाचा पुरावा

गेल्या मे महिन्यात परळच्या एसटी स्थानकावर आमच्या पुढे एक आजी नातवाला घेऊन गाडीत चढल्या. कंडक्टरने विचारलं, "किती वर्षांचा?" आजी म्हणाल्या, "बारावं लागलंय." पोरगा आजींच्या डोक्यावरून उंच. कंडक्टर काही बोलायच्या आत आजींनी पिशवीतून जन्मदाखल्याची झेरॉक्स काढून पुढे केली आणि मशीनमधून अर्धं तिकीट बाहेर आलं.

सुट्टीत मुंबईतल्या घरांना ज्या सवलती आणि सोयी मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशा मुलाच्या वयावर अवलंबून असतात. बाकी कागद नंतर होतील, वयाचा पुरावा मात्र निकालाच्या दिवसापर्यंत हातात हवा.

आधी प्रवासाचं बघू. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. "बारावं लागलं" म्हणजे अकरा पूर्ण, त्यामुळे त्या नातवाचं अर्धं तिकीट बरोबरच होतं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. गोव्याकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ७५ वर्षं पूर्ण केलेल्या आजी-आजोबांचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. त्यासाठी वय दाखवणारं ओळखपत्र सोबत लागतं.

रेल्वेचा नियम थोडा वेगळा आहे आणि तिथेच लोक फसतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ मागितला नाही तरच अर्धं भाडं. बर्थ घेतला की पूर्ण. चेअर कारसारख्या बसून जायच्या डब्यात विनासीट असा पर्यायच नसतो, त्यामुळे तिथे पूर्ण पैसे धरूनच हिशोब करा. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या सुरुवातीलाच तिकीट काढायला बसायला हवं.

जे गावी जात नाहीत त्यांच्यासाठी भायखळ्याची राणीची बाग आहेच. आई, वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुलं यांचं मिळून कुटुंब तिकीट १०० रुपयांचं. सुटं काढलं तर मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ पडतात, म्हणून खिडकीवर "फॅमिली" असं स्पष्ट सांगा. बुधवारी बाग बंद असते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद.

महापालिकेच्या जलतरण तलावांवर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कजवळ, चेंबूरला, कांदिवलीला, उन्हाळ्यात २१ दिवसांचे पोहणं शिकवण्याचे वर्ग चालतात. नोंदणी ऑनलाइन होते. वयाचा पुरावा, फोटो आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ही तयारी आधीच ठेवा. जागा भराभर संपतात, त्यामुळे नोंदणी सुरू झाल्यावर डॉक्टर शोधत बसलात तर त्या बॅचवर पाणी सोडावं लागेल.

आता आधार. हे काम सुट्टीतच उरकावं असं माझं ठाम मत आहे, कारण मुलाला स्वतः केंद्रावर न्यावं लागतं आणि जूनमध्ये शाळा बुडवून ते करणं जिवावर येतं. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे, बुबुळं आणि फोटो द्यावे लागतात. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ते मोफत आहे. सात ते पंधरा वयोगटासाठीही १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर शुल्क माफ केलेलं आहे. सात वर्षं उलटूनही ठसे दिले नाहीत तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. नेताना मुलाचं आधार आणि आई किंवा वडिलांचं आधार घ्या. बँकेत, पोस्टात किंवा आधार सेवा केंद्रात हे काम होतं. आणि घरात लग्न असेल तर मुलीच्या हातावर मेंदी काढायच्या आधी जा, रंगलेल्या बोटांचे ठसे नीट उमटायला त्रास होतो.

आधारवरची जन्मतारीख चुकली असेल तर ती साधारणपणे एकदाच बदलून मिळते, आणि त्यासाठी जन्मदाखला लागतो. आपल्याकडे आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहून टाकायचे. आता तसं चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे.

तेव्हा कपाटातला जन्मदाखला आजच काढा आणि "बालकाचे नाव" हा रकाना बघा. माझ्या बहिणीच्या मुलाच्या दाखल्यावर तिथे नुसती आडवी रेघ होती. बाळ जन्मलं तेव्हा बारसं व्हायचं होतं, दवाखान्याने नावाशिवाय नोंद पाठवली आणि नंतर कुणी लक्ष दिलं नाही. पोरगा पहिलीत जायच्या वेळी ते ध्यानात आलं. बहीण त्या रेघेवर बोट ठेवून कितीतरी वेळ गप्प बसली होती. तुमच्या दाखल्यावरही रेघ असेल तर घाबरू नका. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आई-वडिलांनी अर्ज करायचा. मूळ दाखला, दोघांची आधार कार्डं आणि मुलाच्या नावाचा शाळेचा किंवा लसीकरणाचा कागद सोबत न्या. अर्ज देण्यापूर्वी मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग एका कागदावर लिहून आधारशी ताडून बघा. मुलाचं, वडिलांचं, आडनाव हा क्रमही बघा. शाळा आता अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढतात, तिथे नावातलं एक अक्षर जुळलं नाही तरी काम अडतं.

अर्ज कुठे करायचा हा खरा घोळ. जन्माची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. घर कांदिवलीत आणि बाळ परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलं, तर नोंद महापालिकेच्या कांदिवलीतल्या आर दक्षिण विभागात नसणार. परळच्या एफ दक्षिण विभागापासून चौकशी सुरू करा. वॉर्ड ऑफिसच्या नागरी सुविधा केंद्रात जाताना जन्मतारीख, आईचं नाव आणि दवाखान्याचं नाव लिहून न्या. जुन्या दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक असेल तर शोध लवकर लागतो.

आणि पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, जसं आपल्याकडे बहुतेक वेळा होतं, तर मुंबईच्या कुठल्याही वॉर्डात ती नोंद सापडणार नाही. बाळ माहेरगावच्या घरी जन्मलं असेल तर ती ग्रामपंचायतीत असते, तालुक्याच्या शहरात दवाखान्यात झालं असेल तर नगरपालिकेत. मे महिन्यात तुम्ही तिकडे जाणारच आहात. ग्रामसेवकांकडे बऱ्याचदा एकाहून जास्त गावं असतात, म्हणून निघण्याआधी मामाला फोन करून ते कोणत्या वारी तुमच्या गावात बसतात ते विचारून घ्या. गेल्यावर पहिल्या दोन दिवसांतच अर्ज द्या, म्हणजे काही राहिलं तर परतायच्या आत दुसरी फेरी मारता येईल. दाखल्याच्या दोन-तीन प्रती एकदमच मागा, एक आजोळी ठेवा.