सगळ्यांत सरस देशाला व्यापाराची गरज नसते का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बेळगावची भाजी उतरताना पाहून ‘आपला पैसा बाहेर चालला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हाच तर्क देशांना लावून, जो देश प्रत्येक वस्तू कमी श्रमात बनवतो त्याला दुसऱ्याकडून काही घेण्यात तोटाच आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दिलेले उदाहरण योगायोगाने पोर्तुगालचेच आहे, त्यामुळे गोव्यात ते परके वाटू नये. त्यात ठरावीक कापडासाठी वर्षभर इंग्लंडला १०० आणि पोर्तुगालला ९० माणसे लागतात. ठरावीक वाइनसाठी अनुक्रमे १२० आणि ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही कापडातली त्याची सरशी थोडी आणि वाइनमधली मोठी असल्यामुळे, त्याने वाइन देऊन इंग्लंडचे कापड घेतले तर ९० माणसांचे कापड त्याला ८० माणसांच्या श्रमात मिळते, आणि इंग्लंडलाही १२० माणसांची वाइन १०० माणसांच्या कापडात पडते. तुलना करायची ती एक वस्तू बनवताना दुसरी किती सोडावी लागते याची. ‘तुलनात्मक लाभ’ हे नाव त्यावरूनच आले.

मात्र हा लाभ देशाचा एकूण असतो. माग बंद पडलेल्या पोर्तुगीज विणकराला द्राक्षमळ्यात काम आपोआप मिळेल, असे हा सिद्धांत म्हणत नाही. शिवाय भांडवल देशाबाहेर सहज जात नाही, हे रिकार्डो यांनी गृहीतच धरले होते; ते सहज जात असेल, तर हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही.