प्रतिक्षिप्त क्रिया

एखाद्या उद्दीपनाला इच्छेची वाट न पाहता ठरावीक चेतामार्गाने मिळणारा शीघ्र प्रतिसाद. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजताना निखाऱ्याला टेकलेले बोट आधी मागे येते, चटका नंतर कळतो.

या संकल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. पाठ्यपुस्तके बहुधा रने देकार्त याचे नाव घेतात. त्याच्या मरणोत्तर ग्रंथाच्या १६६४ च्या फ्रेंच आवृत्तीत विस्तवाजवळ पाय असलेल्या मुलाची आकृती आहे. मात्र त्या विवेचनात संदेश मेंदूपर्यंत जाऊन तेथूनच परततो. विज्ञानाचा फ्रेंच इतिहासकार ज्यॉर्ज कांगिलेम याने १९५५ मध्ये हे श्रेय इंग्लिश वैद्य टॉमस विलिस याला दिले, कारण प्रकाशाप्रमाणे ‘परावर्तित’ होणाऱ्या हालचालीची कल्पना त्याच्या लेखनात, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पष्ट दिसते. हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रायोगिक पाया मात्र रॉबर्ट व्हिट याचा (१७५१ च्या सुमारास): शिर काढलेल्या बेडकाचा पाय चिमटा घेताच आखडतो, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातला चेतांचा दोर) नष्ट केला की आखडत नाही. मेरुरज्जूच्या पश्च मुळातून संवेदना आत येते व अग्र मुळातून आज्ञा बाहेर जाते, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझांदी याने १८२२ मध्ये दाखवले. त्यात ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स बेलचा वाटा किती, हा वाद जुनाच आहे. ‘सिनॅप्स’ (दोन चेतापेशींमधला सांधा) ही संज्ञा इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनची (१८९७).

बाभळीचा काटा अनवाणी पायात शिरला की वेदनेचा संदेश पश्च मुळातून मेरुरज्जूत येतो आणि आंतरचेतांमार्फत (मधल्या जोडणाऱ्या चेतापेशींमार्फत) दोन्ही बाजूंना वाटला जातो. त्या पायाचे आकुंचक स्नायू आवळतात, प्रसारक सैल पडतात. त्याच वेळी दुसरा पाय ताठ होतो, नाहीतर माणूस कोसळेल. तीक्ष्ण वेदना वाहणाऱ्या तंतूंचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर, मागून येणाऱ्या ठणक्याच्या तंतूंचा ०.५ ते २ मीटर. म्हणून काट्याची कळ दोनदा जाणवते.

गुडघ्याचा झटका (एर्ब व वेस्टफाल, १८७५) याहून साधा: मधे एकच सिनॅप्स, तंतूंचा वेग सेकंदाला ८० ते १२० मीटर. रुग्णाला पाय लोंबकळत ठेवून बसवावे, वाटीखालची कंडरा बोटाने चाचपावी आणि हातोडी मनगटातून सैल सोडावी. मांडी आवळलेली असेल किंवा घाव वाटीच्या हाडावर बसला, तर झटका येत नाही व नसलेला दोष नोंदला जातो. अशा वेळी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला सांगावे व त्याच क्षणी ठोका द्यावा. झटका खरोखर नसेल तर दोष दुसऱ्या ते चौथ्या कटिचेतांत (कमरेतून निघणाऱ्या चेतांत) किंवा त्या मार्गात शोधावा. तो अतितीव्र असेल तर वर, मेंदू वा मेरुरज्जूत. मेरुरज्जूला ताजी इजा झाल्यावर मात्र इजेखालचे झटके काही दिवस वा आठवडे नाहीसे होतात व पुढे तीव्र होऊन परततात. मेंदूकडून येणारे नियंत्रण या क्रियांनाही लागते, याचा हा पुरावा.

मेरुरज्जू शाबूत असूनही मार्गाचा शेवटचा दुवा, म्हणजे चेता व स्नायू यांचा संगम, निकामी होऊ शकतो. कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे तेथील ॲसिटिलकोलीन (चेतेचा संदेश स्नायूला पोचवणारे रसायन) मोडणारे विकर बंद पडते: बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, स्नायूंची फडफड, मग लुळेपणा. ॲट्रोपीन या औषधाने लाळ व छातीतला स्राव आटतो, स्नायूंचा लुळेपणा हटत नाही. म्हणून छाती मोकळी झाली तरी रुग्णाच्या श्वासावरची नजर काढू नये. मण्यारीचे विष त्याच जागी चेतातंतूचे टोक बिघडवते. रात्री झोपेत झालेल्या दंशाची खूण व वेदना जवळजवळ नसते; आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळणे व श्वास अडतो. लुळेपणा आल्यावर प्रतिविषाने तो लगेच ओसरत नाही, चेतांची टोके पुन्हा तयार होईपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. या अवस्थेतला रुग्ण मेल्यासारखा दिसला तरी अनेकदा शुद्धीवर असतो व भोवतालचे बोलणे ऐकत असतो.