पूर्वजशोध (महाराष्ट्रातील नोंदींवरून)

जुन्या महसुली, शालेय आणि धार्मिक नोंदींवरून एखाद्या मयत पूर्वजाचा जन्म, नातेसंबंध, जमीन व मृत्यू यांचा माग काढणे म्हणजे पूर्वजशोध. वारसाहक्क आणि जातपडताळणी ही त्याची नेहमीची कारणे.

सगळ्यात मोठी अडचण नावाची. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच घरात ‘राघू बिन तुका’ (बिन म्हणजे ‘चा मुलगा’) आणि ‘तुका बिन राघू’ आलटून-पालटून येतात. आडनाव बहुधा नसतेच. म्हणून नावापेक्षा जमिनीचा माग धरावा.

सुरुवात चालू सातबाऱ्यापासून. त्यावरचे फेरफार (हक्कातील बदलांच्या नोंदी) क्रमांक टिपायचे आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, यातील त्या नोंदी एकेक करून मागे वाचत जायचे. वारसाच्या फेरफारात मुलगे, विधवा, कधी सासरी गेलेल्या मुलीही सापडतात. मृत्यूची तारीख मात्र तपासून घ्यावी. वारस लावण्याचे काम कर्ज किंवा वाटणी निघेपर्यंत वर्षानुवर्षे लांबते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, सहसा थोरला भाऊ. धाकटे भाऊ कागदावर दिसत नाहीत म्हणजे नव्हते असे नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात वारस तेव्हा १८ वर्षांच्या आत होता. यावरून जन्माचा अंदाज बांधता येतो. माग तुटतो तो बहुतेक गटवारीपाशी. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींची जुळणी भूमी अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून करावी लागते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने आली, त्यामुळे फेरफार त्यापलीकडे नेत नाहीत. मराठवाड्यात निजामी राजवटीमुळे कागदांची नावे वेगळी. तिथे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीचा जुना तपशील देणारा कागद, हेही पाहावे.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावे. इथे बाळाचे नाव शोधणारा हमखास फसतो. नोंद बारशाच्या आधीची असल्याने ‘तुका यास मुलगा’ एवढेच लिहिलेले असते. शोध बापाच्या नावाने घ्यायचा. मृत्यूच्या रकान्यात ‘ताप’, ‘पटकी’ (कॉलरा) अशी कारणे येतात. गावाचा तालुका बदलला असेल तर जुन्या तालुक्याचे दप्तरही पाहावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेवर फार विसंबू नये, ती अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. जात, गाव आणि पालकाचे नाव यांसाठी मात्र तो उतारा कामाचा.

जुनी पाने मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. आधी त्याच हाताच्या सोप्या नोंदी वाचून अक्षराची सवय करावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९), फसलीत (जुने महसुली वर्ष) ५९०. फसली वर्ष मृगाच्या सुमारास (जूनच्या आरंभी) सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून ५९१ धरावे.

जमीन नसलेल्या घरांचा माग महसुली दप्तरात लवकर आटतो. तिथे नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातील पुरोहितांच्या, वह्या उपयोगी पडतात. यजमान घराणी गाव, जात, आडनाव यांनुसार उपाध्यायांत वाटलेली असतात. आलेला यजमान स्वतःचे, बापाचे, आजाचे, भावांचे आणि मुलांचे नाव लिहून खाली सही करतो. सही न येणाऱ्याचा मजकूर उपाध्याय लिहितात. जाताना मूळ गाव माहीत हवे. आज राहण्याचे शहर सांगितले तर योग्य वही निघत नाही.