मध्यरात्रीचे तेल आणि दोन्ही टोकांनी जळणारी मेणबत्ती

'बर्न द मिडनाइट ऑइल' आणि 'बर्न द कॅन्डल ॲट बोथ एन्ड्स' या दोन इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ मराठीत अनेकदा एकच सांगितला जातो: रात्रीचा दिवस करणे. पहिल्याला तो चपखल बसतो. दुसऱ्याला तो लावला, तर मुळात जो इशारा आहे त्याची शाबासकी होते, आणि म्हणूनच ही गल्लत किरकोळ मानता येत नाही.

मध्यरात्रीचे तेल म्हणजे दिव्यातले तेल. विजेपूर्वीच्या काळात रात्री उशिरापर्यंत वाचन-लेखन करायचे तर दिव्यात तेल घालावे लागे, त्यामुळे किती तेल जळले यावरून किती अभ्यास झाला हे जणू मोजता येई. इंग्रज कवी फ्रान्सिस क्वार्ल्स याने १६३५ साली दिवसाच्या घामाशेजारी मध्यरात्रीचे तेल ठेवून हीच कल्पना मांडली. कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेल्या हकिगतीनुसार, अथेन्सचा प्रसिद्ध वक्ता डिमॉस्थेनीस याच्या युक्तिवादांना दिव्याच्या वातीचा वास येतो, असे त्याचा विरोधक वक्ता पिथियस याने त्याला हिणवले होते; म्हणजे भाषण उत्स्फूर्त नाही, रात्री बसून घोटलेले आहे. त्यावर डिमॉस्थेनीसने उत्तर दिले की तुझा दिवा आणि माझा दिवा वेगवेगळ्या गोष्टींचे साक्षीदार आहेत. या वाक्प्रचाराचा गाभा त्या उत्तरात आला आहे, कारण रात्री नुसते जागणे पुरेसे नसून ते जागरण कामासाठी किंवा अभ्यासासाठी असावे लागते. दोन वाजेपर्यंत क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याला हा वाक्प्रचार लागू पडत नाही.

मेणबत्तीची गोष्ट वेगळी आहे. ती दोन्ही टोकांनी पेटवायची तर आडवी धरावी लागते. ती गळते आणि लवकर संपते. इंग्रजीत ही प्रतिमा फ्रेंचमधून आली आणि आरंभी तिचा संबंध कष्टांशी नव्हे, तर उधळपट्टीशी होता. नेथन बेलीच्या १७३० सालच्या शब्दकोशात पती आणि पत्नी दोघेही उधळे असतील तेव्हा असे म्हणतात, असा अर्थ दिला आहे. पुढे पैशाची जागा शरीराच्या शक्तीने घेतली, पण नासाडीचा आणि दोषाचा सूर तसाच राहिला. तेल संपले तर उद्या पुन्हा घालता येते. मेणबत्तीच्या प्रतिमेत मात्र जळून आखूड होणारी वस्तू म्हणजे तो माणूसच असतो.

परीक्षेपूर्वी आठ रात्री जागून नंतर उशिरापर्यंत झोपणारा विद्यार्थी तेल जाळतो. रात्री एकपर्यंत काम करून पहाटे पाचची लोकल गाठणारा आणि महिनोन्‌महिने तसेच चालवणारा माणूस मेणबत्ती जाळतो. त्याच्या रात्री कामाऐवजी मित्रांच्या मैफलींत जात असल्या, तरीही मेणबत्तीचा वाक्प्रचार चालतो, कारण तिथे कामाची अट नाही. उशिरा झोपणे आणि लवकर उठणे या दोन्ही बाजूंनी विश्रांती कुरतडली जाणे एवढे पुरते. यामुळे एखाद्या शिफारसपत्रात उमेदवाराने मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळली असे कौतुकाने लिहिले, तर इंग्रजी जाणणारा वाचक त्यातून बेफिकिरीच वाचेल.

मराठीत या दुसऱ्या वाक्प्रचाराला नेमका प्रतिशब्द मला सापडत नाही. 'हाडाची काडे करणे' जवळचे वाटते खरे, पण मुलांसाठी हाडाची काडे करणाऱ्या आईविषयी आपण आदराने बोलतो. तिला कोणी दोष देत नाही. 'रक्ताचे पाणी करणे' याचेही तसेच. अशा वेळी वाक्प्रचारासाठी अडून न बसता साधे वाक्य लिहावे, हे मला अधिक योग्य वाटते: 'रात्री जागायचे आणि पहाटे उठायचे, असे किती दिवस चालवणार? अशाने तब्येत टिकायची नाही.'