घर मोठं दिसतंय की मोकळं? विक्रीच्या फोटोंतला फरक

विक्रीला काढलेल्या घराचे फोटो बघून लोक दोन प्रकारे दाद देतात. कुणी म्हणतं, "हॉल केवढा मोठा आहे!" कुणी म्हणतं, "घर मोकळं वाटतंय." ऐकायला दोन्ही एकच, म्हणून फोटो काढणाराही दोन्हींवर एकच उपाय करतो: मोबाईलवर ०.५ (म्हणजे जास्त रुंद दाखवणारी अल्ट्रावाइड लेन्स) दाबायचं, दारात उभं राहायचं आणि काढायचा. पण घर मोठं दिसतं ते लेन्समुळे. मोकळं दिसतं ते उजेड, रिकामी फरशी आणि सरळ उभ्या भिंतींमुळे. या दुसऱ्या कामात अर्धा दिवस जातो, म्हणून ते सहसा होतच नाही.

आधी मोठेपणाचं गणित बघू. जुळे सोलापुरातल्या एखाद्या टू बीएचकेमधली दहा बाय बाराची बेडरूम घ्या. लांबीच्या एका टोकाला भिंतीला पाठ लावून, मोबाईल आडवा धरून नेहमीच्या १x वर फोटो काढलात, तर समोरची दहा फुटी भिंत फोटोच्या रुंदीचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग व्यापते. पाय न हलवता ०.५ केलं की तीच भिंत तीस टक्क्यांवर येते. बहुतेक मोबाईलचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेमच्या (मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्याच्या) हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरचा असतो आणि अल्ट्रावाइड साधारण १३ ते १६ चा; आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं, त्याचा हा परिणाम. लहान दिसतं ते लांब आहे असं डोळा धरून चालतो. भिंत निम्मी झाली की ती दुप्पट लांब गेल्यासारखी वाटते आणि साधी बेडरूम मंगल कार्यालयासारखी दिसायला लागते.

वर, अल्ट्रावाइड लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. फ्रेमच्या कोपऱ्यात आलेलं भिंतीवरचं गोल घड्याळ अंडाकृती होतं. कडेला असलेलं दोन दारांचं कपाट तीन दारांचं वाटतं, सिंगल कॉट डबल बेडएवढी होते. बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येणार नाही, पण काहीतरी गडबड आहे एवढं कळतंच.

आणि हे फोटो बघतं कोण? मुलं पुण्यात, घर विजापूर रोडला, हे चित्र सोलापूरकरांना नवं नाही. विकणारा पुण्यात, कधी कधी घेणाराही पुण्यातच. तो शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो, शनिवारी सकाळी दारात उभा राहतो आणि विचारतो, "हाच का तो हॉल?" पुढची बोलणी मग त्या पडलेल्या चेहऱ्यानं सुरू होतात. घर वाईट नसतं हो, फोटोनं त्याला आधीच जास्तीचं चढवून ठेवलेलं असतं.

म्हणून ०.५ ला हात लावू नका असं नाही. बाथरूम, जिना, चार फुटी गॅलरी अशा ठिकाणी मागं सरकायला जागाच नसते, तिथं इलाज नाही. घरांचे फोटो काढणारे व्यावसायिकही साधारण १६ ते २४ मिलिमीटरमध्येच काम करतात. बऱ्याच मोबाईलमध्ये ०.५ आणि १ च्या मध्ये ०.७ वर थांबता येतं. खोलीसाठी तेवढं पुरतं, आणि कडेची ताणलेली पट्टीही कापली जाते. फोटोखाली कार्पेट एरिया लिहून टाका. रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती त्यात धरतात. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. नव्या प्रकल्पाच्या बिल्डरनं जाहिरातीत चुकीचं दाखवलं आणि त्यावर विसंबून गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. तुमच्या जुन्या घराला ते कलम लागू होत नाही, पण गिऱ्हाईक तेवढंच चिडतं.

आता मोकळेपणा. इथं सगळ्यात मोठा घोळ भिंतींचा होतो. फोटोत भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकल्या की सगळे म्हणतात, लेन्स खराब. लेन्सचा दोष नसतो, मोबाईल वर कललेला असतो. खाली कलवला तर भिंती खालच्या बाजूला जवळ येतात. कॅमेरा सरळ समोर बघत असला की १x असो वा ०.५, उभ्या रेषा उभ्याच राहतात. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, दाराची चौकट ग्रिडच्या उभ्या रेषेला समांतर आणा आणि मग बटण दाबा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण चार-साडेचार फुटांवर. डोळ्याच्या उंचीवरून काढलं की हात आपोआप खाली कलतो. स्वयंपाकघरात मात्र थोडं वर घ्या, म्हणजे ओट्याचा वरचा दगड दिसतो. बायका आधी तोच बघतात. पुरुष सिंकखालचं कपाट उघडून ओल बघतात, ते फोटोत येत नाही.

खोली मोकळी वाटण्याचं दुसरं कारण म्हणजे भिंतीपर्यंत सलग दिसणारी फरशी. पलंगाखालच्या ट्रंका, दारामागची चटई, टीपॉयखालची रद्दी काढली की तीच खोली श्वास घेते. पलंगावरच्या चादरीबद्दल सोलापुरात बोलणं म्हणजे वाद ओढवून घेणं, पण बोलतोच: जीआय मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर अंगावर घ्यायला उत्तम, फोटोत मात्र तिची मोठी ठसठशीत नक्षी सगळी नजर खाऊन टाकते. फोटोपुरती साधी, फिक्या रंगाची चादर घाला. शहाबादी फरशी असेल तर पुसून पूर्ण वाळू द्या. ओली शहाबादी चमकेल म्हणून लोक पाणी मारतात, पण ओला दगड आणखी काळा पडतो आणि खोली खाली बसल्यासारखी दिसते.

तिसरं, उजेड. सोलापूरच्या घरात उजेडाचा शत्रू बहुधा खिडकीत बसवलेला कूलर असतो. मार्चमध्ये चढवला की पावसाळ्यापर्यंत तिथंच, आणि आळस केला तर वर्षभर. फोटोच्या दिवशी तो खाली उतरवा. एका खिडकीनं जे होतं ते चार ट्यूबलाइटनं होत नाही. उलट पांढरी ट्यूब, पिवळा बल्ब आणि बाहेरचं ऊन एका फ्रेममध्ये आलं की भिंतीचा रंग तीन ठिकाणी तीन दिसतो. दिवसा फोटो काढत असाल तर दिवे बंद ठेवा. खिडकी पांढरीफटक पडत असेल तर एचडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी सोय) चालू करा, मोबाईल स्थिर धरा आणि खिडकी व भिंत यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवून उजेड जुळवा. गावठाणातल्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात भिंती जाड आणि खिडक्या लहान, तिथं मोबाईल स्टुलावर टेकवून नाइट मोडमध्ये काढा. अंधारी खोली एडिटिंगमध्ये पांढरी करू नका. ती थंड आणि सावलीची खोली आहे, एप्रिलमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिची किंमत बरोबर कळते.

घराच्या दर्शनी बाजूसाठी वेळ सांभाळावी लागते. पूर्वमुखी घर सकाळी नऊच्या आत, पश्चिममुखी साडेचारनंतर. उत्तरमुखीचं जरा निराळं. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य फक्त साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडे सरकतो. हिवाळ्यात उत्तरेची भिंत दिवसभर सावलीतच. तेव्हा मागं निळं आकाश असतानाचा सकाळचा सारखा उजेड पकडा आणि उन्हाचा हट्ट सोडा.

पाण्याचं बोललंच पाहिजे. नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. बाथरूममधली निळी पिंपं फोटोपुरती बाहेर काढा, ती खरंच अर्धी खोली खातात. पण जमिनीखालचा हौद, वरची टाकी आणि बोअर असेल तर बोअरची मोटर, यांचे वेगळे फोटो टाका. अशा फोटोंना कुणी सुंदर म्हणणार नाही, पण पहिला फोन बहुतेक त्यांच्यावरच येतो.

मोठेपणा हाच खरा माल असलेली जागाही असते. सोलापूरच्या पूर्व भागात खाली मागांचा कारखाना आणि वर राहणं अशी घरं आहेत. माग विकून रिकामा झालेला असा कारखाना मुळातच मोठा असतो, त्याला ०.५ ची गरज नाही. तिरप्या कोपऱ्यातून १x वर काढा आणि मध्ये एक माणूस किंवा खुर्ची ठेवा. रिकाम्या जागेत माप घ्यायला काहीच नसेल तर मोठी जागाही लहान वाटते.

एडिटिंगमध्ये फोटो सरळ करणं, उजेड थोडा वाढवणं, एवढं चालतं. दारासमोरचा विजेचा खांब, डीपी किंवा भिंतीची भेग पुसणं चालत नाही. खांब शनिवारी सकाळी तिथंच उभा असणार.

शेवटी पाठवताना. एजंट सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि फॉरवर्ड होत होत फोटो धूसर होतो. पहिल्यांदाच एचडी निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आधी दर्शनी बाजू, मग हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम आणि पाण्याची सोय, म्हणजे ज्या क्रमानं माणूस घरात शिरतो त्याच क्रमानं. हॉलचे पाच फोटो नकोत, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन पुरेत.